पिलबाग

रोज रात्री बोटं मोजून घेतो.
डाव्या हाताची करंगळी आता सरळ होत नाही.
अंगठ्याच्या बुडाशी गाठ आहे
ती शाबीर तडवीची, चार वर्षं जुनी.
तळव्याच्या मधोमध जे सुन्न पडलंय
ते रुमाल पावराचं,
चालू हंगामातलं.

मी लोटन. कॅचर.
वय विचारलं तर सर म्हणतात, लिही चोवीस.
चोवीस होऊन तीन उन्हाळे गेले.

फैजपूरच्या या मैदानाला तीन बाजूंनी केळी,
चौथीला पत्र्याचं हॉस्टेल,
पलीकडे सातपुडा,
कुणी पुसता पुसता अर्धा सोडल्यासारखा.
मोठा संघ पुण्यात.
त्याच्याखाली नाशिकचा.
त्याच्याखाली आम्ही.
आमच्याखाली फक्त ठिबकच्या नळ्या.

मार्चमध्ये वरून माणसं येतात,
गॉगल, टोपी, वेग मोजायचं पिस्तूल.
व्यापाऱ्याचा माणूस बागेत फिरतो ना,
घडाला हात न लावता सांगतो
हा दिल्लीला, हा इथंच, हा गुरांना,
तसे बघतात.
आणि तोडतात कच्चंच.
पिकलेलं कोण नेतं इतक्या लांब?

रुमाल आला वैजापूरकडून, आश्रमशाळेतून.
पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून गेला,
दुसरा केळीत.
तिसरा ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा
रस्त्यावरच्या दूधवाल्यानं सायकल थांबवली,
एक पाय खाली टेकवून बघत राहिला.
पिस्तूलवाला आकडा शोधत होता.
मला तळव्यानं कधीच सांगितलं होतं.

काल मंगळवार, वरण-बट्टीचा दिवस.
सरांचा फोन वाजला आणि बारा पोरं
एकाएकी मोजे धुवायला लागली.
नेहेते तर धुतलेलेच परत धूत होता.
सर व्हरांड्यात हो, हो म्हणत राहिले,
मग यादीवर पेन्सिल फिरवली.
एक वर.
एक घरी.

घरी शाबीर. कोपर.
काही बोलला नाही.
बट्टी कुस्करली, वाटीभर तूप सगळं घेतलं,
नीट जेवला, ताट घासलं,
आणि यावलच्या शेवटच्या गाडीनं गेला.
बूट माझ्या कॉटखाली ठेवून गेला.
माझ्या मापाचे नाहीत.
त्याला माहीत होतं.

रुमाल रात्रभर जागा.
दादा, तिथं कोण झेलतं?
असेल कुणी.
त्याला माझा तो कळेल का, शेवटी खाली पडणारा?
दोनदा छातीवर घेईल, तिसऱ्यांदा कळेल.
बराच वेळ गप्प.
तू बी चल ना.
अंधारात माझी अहिराणी आपोआप बाहेर आली,
तू जाय भो, मी आठेच शे.

पहाटे सावद्याच्या फाट्यावर
नाशिककडे निघालेला केळीचा ट्रक मिळाला,
ड्रायव्हर ओळखीचा, केबिनमध्ये जागा केली.
सांगायचं बरंच होतं.
ट्रक हलल्यावर एवढंच ओरडलो,
उजवा हात खिडकीबाहेर काढू नको!

परत आलो तर मैदानात नवा उभा.
पंधराचा असेल, नाव आधार, पारोळ्याकडचा.
ग्लोव्ह उलट्या हातात.
म्हटलं, चुकलंय.
चुकलं नव्हतं, डावखुरा होता.
पहिला चेंडू कुंपणापार.

शोधायला मीच गेलो.
आत गारवा, नळीतून थेंब, थेंब.
घड उतरवलेली खोडं कमरेइतकी ठेवलेली,
प्रत्येकाच्या बुडाशी एकच पिल,
बाकीची कोयत्यानं काढून सरीत टाकलेली.
विचारलं, ही अर्धी खोडं कशाला ठेवली?
बागवाला फिरके मान वर न करता म्हणाला,
त्यातलं पाणी पिलाला जातं अजून दोन महिने.

चेंडू चिखलात अर्धा रुतला होता.
पँटीला पुसला.
बाहेर येऊन प्लेटमागे उकिडवा बसलो,
गुडघे नेहमीसारखे वाजले.

हां.
टाक.