पाणी पिण्यापुरतं

तासगावच्या मैदानावर फायनल एक-एक अशी अडकली,
आणि जादा वेळेचा पहिला भाग संपल्याची शिट्टी
बाहुबली मगदूम सरांनी वाजवली तेव्हा
घड्याळ माझ्या हातात होतं.

मी यजमान कॉलेजच्या फी-खिडकीवरचा क्लार्क.
आमची टीम गुरुवारीच हरून मोकळी झाली होती,
म्हणून मला निःपक्षपाती ठरवून खुर्ची दिलेली.
स्टॉपवॉच जिमखान्याचं, पट्टा तुटलेला,
सुतळीनं गळ्यात अडकवलेलं.
तुम्हाला डोकं चालवायचं नाही, म्हणाले,
फक्त बटण दाबायचं.

नियमांचं पुस्तक टेबलावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून
त्यावर बशी.
बशी सरकवून सरांनी वाचलं:
जादा वेळेच्या दोन भागांमध्ये विश्रांती नाही.
बाजू बदलाव्यात.
पाणी पिण्यापुरतं थांबता येईल, एका मिनिटाच्या आत.

इतकंच.
ते मिनिट शिट्टीपासून धरायचं, की माठापासून,
की पहिल्या घोटापासून,
यावर बशीचा गोल डाग होता फक्त.

विट्याचे कोच लेंगरे तावातावानं आले.
सर, जतचा गोलकीपर खाली बसलाय.
पाणी उभ्यानं पितात. बसला की विश्रांती झाली.
सर म्हणाले, पोटऱ्या वळल्यात त्याच्या.
लेंगरे म्हणाले, मग कोणत्या कलमात बसतं ते?
सर म्हणाले, बसू दे की कुठल्यातरी.

तिकडे विट्याच्या पोरांना प्रत्येकी एक बाटली,
दुकानाच्या जाहिरातीची, निळ्या झाकणाची.
झाकणं फिरली, मुंड्या वर झाल्या, संपलं.
जतकडे वीस लिटरचा एक जार आणि एक स्टीलचा पेला.

फी-खिडकीवर बसून भागाकाराची सवय लागते.
साठ भागिले अकरा.
एका पोराला साडेपाच सेकंद, त्याहून थोडं कमी,
त्यात पेला भरणं आलं, पुढे देणं आलं,
आणि जार वाकवणाऱ्याचं स्वतःचं पिणं
कशात धरायचं?

पेला हातोहात सरकत होता.
कुणी ओठ लावत नव्हतं, सगळे वरून.
मैदानभर चिखल करून ठेवला होता या पोरांनी,
पेल्यातून मात्र थेंब सांडत नव्हता.
बेदाणा शेडच्या हिरव्या जाळीमागे ऊन उतरत चाललेलं,
दिवे नाहीत इथे, सर आभाळाकडे बघत होते,
लेंगरे मनगटाकडे,
मी काट्याकडे.

आता सांगतो.
शिट्टीला मी बटण दाबलं नव्हतं.
अंगठा जागेवर होता, दाबायचं सुचलं नाही.
पहिला पेला भरला तेव्हा दाबलं,
आणि मग साठ मोजायला लागलो, अगदी प्रामाणिकपणे.

सत्तेचाळीसला पेला मल्लेश बिराजदारकडे पोचला.
एक नंबरचा शर्ट, पाण्याला अकरावा.
बसल्या बसल्या त्यानं तो दोन्ही हातांत धरला,
आधी पोटरीवर ओतणार असं वाटलं,
मग मान मागे टाकली.
कंठ वर-खाली होताना मला इथून दिसत होता.
साठ झाले.
मी हात वर केला नाही.
एकसष्ट. बासष्ट. तो पेला उपडा करून गवतावर ठेवला त्यानं,
उठला.
तेव्हा केला.

जत पेनल्टीवर हरलं.
मल्लेशनं दोन अडवल्या, तीन सुटल्या.
त्यामुळे हरकत आली नाही, प्रकरण उघडलं नाही,
अहवालात "थांब्याचा कालावधी" या रकान्यात
मी एक मिनिट लिहिलं
आणि सरांनी न वाचता सही केली.

अंधारात लेंगरे टेबलापाशी आले.
एक मिनिट सव्वीस, म्हणाले.
माझ्याकडेही घड्याळ आहे, क्लार्क.
मी पुस्तक चाळायला लागलो.
ते थोडा वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, प्रवासभत्त्याचं व्हाउचर
तुमच्याकडेच मिळतं ना?