कठीण बी धरून

आठवड्याचे सहा दिवस मी दाणे मोजतो.
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या रस्त्याला,
ओल्या कागदावर दहा ओळी, ओळीत दहा,
मग कागदाची सुरळी, सुरळीला रबर, रबरात चिठ्ठी:
वाण, लॉट, तारीख
आणि कोपऱ्यात बारीक सही, सि. उजागरे.

ठरल्या दिवशी सुरळी उलगडायची.
मोड आलेले वेगळे. वाकडे वेगळे. कुजलेले वेगळे.
आणि एक रकाना असतो, त्याचं नाव 'कठीण':
जे फुगलं नाही, पण मेलेलंही नाही,
पाणी ज्याच्या सालीवरून नुसतं निथळून गेलं.
मुगाचा दाखला आम्ही असा लिहितो:
उगवण इतके टक्के, कठीण बी धरून.

सातव्या दिवशी
जेवणाच्या डब्याशेजारी काळ्या रेक्झिनचं शास्त्र ठेवून
राजूरच्या जीपमध्ये मागे बसतो.
फाट्यावर उतरून तीन किलोमीटर, मोसंबीच्या बागांमधून.
चालताना तो पेरणारा आठवतो,
वाटेवर टाकत गेला, खडकावर टाकत गेला,
काट्यांतही मूठ रिकामी केली त्याने.
आमच्या लॅबमध्ये त्याला
कुणी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

अकरा वर्षं झाली,
झुंबरमावशीच्या ओट्यावर बसून वाचतो.
तिच्या देवळीत तिचे देव. तिने ते कधी झाकले नाहीत,
मीही कधी पाठ वळवून बसलो नाही.
चहात साखर जास्त. सुपात लसूण.
"हं, वाच."
अक्षर येत नाही तिला.

वर्षअखेरीला पाळकसाहेब कागद मागतात:
किती घरं, किती माणसं, किती बाप्तिस्मे.
तिसऱ्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो.
ते काही बोलत नाहीत. चष्मा पुसतात.

त्या रविवारी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला
लिंबाजी येऊन बसला होता, तिचा धाकटा दीर.
बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं,
आज तलाठ्याचा कागद घेऊन आला होता, तिच्या अंगठ्यासाठी.
आणि उघडलेलं पान नेमकं ते,
वैऱ्यावर प्रीती करायचं.

आवाज त्या ओळीपर्यंत गेला.
नजर त्याच्या टोपीकडे गेली.
आणि मी ओळ गिळली.
सभ्यपणा म्हणा. भीती म्हणा.
पुढे एकदम उन्हापावसावर आलो,
तो सगळ्यांवर पडतो, त्यात कुणाला काय लागणार.

सोलता सोलता पाकळी थांबली.
"मधलं खाल्लंस की रं बाबा."
काय मधलं?
"ते वैऱ्याचं. मागल्या साली वाचलंतंस,
त्याच्या मागल्या सालीबी.
काहून गाळलंस? लिवलंय तसं वाच.
कडू लागंल त्याला लागंल. मलाबी लागतंच की."

दोन टक्क्यांसाठी मी एकदा
मालकाचा अख्खा लॉट अडवला होता,
पिशवीवर छापलंय तेच आत असावं म्हणून.
साहेब ओरडले, तरी सही केली नव्हती.
आणि इथे, एका ओट्यावर,
अक्षर न येणाऱ्या बाईने
मला भेसळ करताना धरलं.

वाचलं मग. मागे येऊन, सावकाश,
घसा दोनदा कोरडा पडला तरी.
लिंबाजीने टोपी काढली, झटकली, परत घातली.
कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.
मावशीने अंगठा दिला नाही.
चहाचे कप मात्र तीन आले,
आणि तिसरा तिने स्वतः
सरकत सरकत ओट्याच्या त्या टोकाला नेला.

डिसेंबरात पाळकसाहेबांचा कागद आला.
तिसऱ्या रकान्यात रेघ मारली, नेहमीची.
मग पट्टी घेऊन शेजारी एक रकाना आखला,
वर लिहिलं, 'कठीण'.
तिचं नाव लिहायला पेन टेकवलं
आणि आधी माझंच उमटलं.