कोणी जागं हाय का

रात्री दोन चाळीसला उशीखाली फोन थरथरतो.
नवीन पोरगी. कोरचीची, इथे रविनगरच्या हॉस्टेलात राहते.
एवढंच लिहिते :
कोणी जागं हाय का?

मी जागीच असते. डिसेंबर आहे,
डिसेंबरात माझी हाडं माझ्याआधी उठतात.
डाव्या मांडीत एक टाकीवाला मांडी घालून बसतो
आणि जुनं जातं टाकवत राहतो,
ठक, ठक,
इंदोऱ्यात सगळी गल्ली झोपलेली.

आमचा आजार दिसत नाही.
पट्टी नाही, प्लास्टर नाही.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर विचारतो,
दहापैकी किती दुखतं?
दहा म्हटलं की मान वर करून बघतो.
दहावाली बाई अशी सरळ बसते का?
बसते, डॉक्टर.
पस्तीस वर्षांचा सराव आहे.

म्हणून ग्रुपात आम्ही आकडे सोडलेत.
उईके मास्तर लिहितात, आज नुसती सायकलरिक्षा, चालते.
निरंजनाताई : पाठीत कळमन्याची मिरची उतरून राहिली, पोत्यावर पोतं.
हर्षदीप लिहायचा : गुडघ्यात सीताबर्डी, दिवाळीचा आदला दिवस.
आणि कोणीही विचारत नाही, म्हणजे किती?

एकशे बासष्ट माणसं.
निम्म्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत,
पण कोणाची शीर कोणत्या हाताला सापडते
ते मला पाठ आहे.
एकदा कोणाचा तरी साडभाऊ घुसला,
रक्त मुळापासून सुधारणारं चूर्ण, एकवीसशे रुपये किलो.
मास्तर म्हणाले, साहेब, पहिले तुमी खा,
सहा महिन्यांनी सांगा रक्त कसं हाय.
त्या रात्री दुखण्यातही किती हसलो,
हसल्यावर बरगड्या दुखतात हे विसरून.

मला बघायला आलेल्या दोघांनी
लाल कार्ड बघून चहा अर्धा ठेवला होता.
त्यांचं चुकलं नाही,
हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.
लिहिलं ते इथेच.
खाली कोणी सल्ला दिला नाही.
निरंजनाताईंनी फक्त विचारलं, मग तो चहा कोणी पिला?
मीच पिला, ताई.
थंड झाला होता.

हर्षदीप मेमध्ये गेला.
सेहेचाळीस डिग्री, परीक्षेचे दिवस, पाणी कमी पडलं,
मग छाती.
त्याचा नंबर कोणी काढला नाही.
फुटाळ्यावर गाडीला टेकून उभा,
डोळे बारीक केलेला तो फोटो तसाच आहे.

मी चष्मा शोधते, पोरीला उत्तर द्यायला.
तेवढ्यात वरती अक्षरं उमटतात :
हर्षदीप टाइप करत आहे.

बराच वेळ तो टाइपच करत राहतो.

मग येतं : हाव.

मग थांबून थांबून, एकेक ओळ :
पानी कोमट कर.
पायावर गोधडी घे.
ताप हाय का. छातीत दुकते का.
दुकत असन तं थांबू नोको बाई
वार्डनले उठव आत्ताच.

सातवी शिकलेली बाई.
मात्रा चुकतात,
विचारायचं काय ते चुकत नाही.

ताप नाही, पोरगी लिहिते. छाती ठीक आहे. तुम्ही कोण?

पुन्हा ती टिंबं, उमटतात, थांबतात, उमटतात.
मी श्वास धरून बसते, टाकीवालाही जरा थांबल्यासारखा.

हर्षची आई. मले तशीबी झोप नाही.
पानी पेलीस का? फोटो पाठव.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोटो येतो :
स्टीलचा ग्लास, रिकामा,
काठावर हॉस्टेलच्या ट्यूबलाइटची एक रेघ.

खाली हर्षदीपच्या नंबरावरून :
आखीन एक.