एक, दोन, साडेतीन

गावात कुणाची माती असली
की घाटावर चार शब्द बोलायचं काम माझं.
शाळेत होतो तेव्हा कुणीतरी गळ्यात घातलं,
निवृत्त झालो, ते काही निवृत्त झालं नाही.

कागद तयार असतो.
वर नाव बदलायचं.
बाई असेल तर मनमिळाऊ, पुरुष असेल तर कष्टाळू.
'कधीही भरून न निघणारी पोकळी'
इतक्यांदा घडी पडली या ओळीवर
की कागद तिथेच फाटला.
चिकटपट्टी लावून वाचतो.

माझ्या आधी बोलायचा उकंडा.
नेहारे साऊंड सर्व्हिस. दोन भोंगे, एक बॅटरी.
'हॅलो, हॅलो. एक, दोन, साडेतीन.'
आणि मग सुचेल ते:
'बाबाराव, तुमची शेळी कोतवालाच्या तुरीत हाय.'
सखूबाई ढगेच्या मातीला म्हणाला,
'हे माय मले म्हने, उकंड्या,
तुहा आवाज कढईतल्या भज्यावानी हाय, चरचर करते.'
बाया रडता रडता हसल्या.
मग मी खिशातून कागद काढला
आणि सगळे नदीकडे पाहू लागले.

त्या दिवशी त्यानं विचारलं,
'गुरुजी, कागद पायता तवा
तुमी कोनाले सांगता जी?'
मला लागलं ते.
'तुझं बरं आहे,' मी म्हणालो,
'तुला तयारी लागत नाही.'
तो वायर गुंडाळत होता,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
बोलला नाही.

या माघात उकंडाच गेला.
मी नवा कागद घेतला,
त्याच्यापुढे चिकटपट्टी नको.
पाच मसुदे झाले. पाचवा चांगला होता,
खरंच चांगला होता,
त्यात 'नाद' होता, 'अनंत' होता.
पहाटे गोठ्यात म्हणून पाहिला.
गाय रवंथ करत राहिली.

घाटावर माणसं यायच्या आधी
त्याची पोरगी रोशनी येऊन बसलेली.
निंबावर भोंगा बांधून झालेला.
माईकला बापाचा रुमाल गुंडाळत होती,
वाऱ्याची घरघर नको म्हणून.
'बॅटरी रातीच चार्जिंगले लावली,' म्हणाली.
घरात बाप निजवलेला, आणि हिनं
बॅटरी चार्जिंगला लावली.

'बाबा मातीच्या आदल्या राती झोपेच नाई जी.
बॅटरीपाशी बसे. गेलेल्या मानसाचं
काय काय आठवत राहे.
मले सांगे. दहा गोष्टी सांगे,
सकाळी एकच बोले.'

मी कागद उघडला.
भोंग्यानं शिट्टी मारली.
'गुरुजी, आंधी टेस्टिंग करा ना.'

हॅलो, म्हणालो.
हॅलो. एक. दोन.

मागून कुणीतरी, बहुतेक बाबाराव,
मग पोरं, मग बाया डोक्यावरचा पदर सावरत:
'साडेतीन.'

पुढचं मला नीट आठवत नाही.
शेळीचं बोललो, भज्याचं बोललो,
मी त्याला काय म्हणालो होतो तेही बोललो.
मध्येच अडकलो.
अडकलो म्हणजे चांगलाच,
पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत होतं
ते मोजता येईल इतका वेळ.
तेव्हा पाचव्या मसुद्यातलं एक वाक्य,
अगदी साधं, काट मारता मारता राहिलेलं,
आपणहून वर आलं:
'यानं जन्मभर दुसऱ्याचा आवाज मोठा केला.'
बाकीचा कागद हातातच होता.
घामानं शाई बोटाला लागली.

लोक पांगले.
रोशनी वायर गुंडाळायला लागली,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
मी दुसरं टोक धरून उभा राहिलो.
'ढिली सोडा जी थोडी,' ती म्हणाली,
'लय ताणली का तुटते.'
मी थोडी ढिली सोडली.
'एवढी नाई.'