कार्यवाही

तक्रारवहीचं पान सत्तेचाळीस.
निळ्या शाईत, उभ्या उभ्या लिहिलेलं:
"फलाट तीनच्या बाकावर एक इसम झोपतो.
प्रवाशांस अडचण. हटवावा."
खाली सही. शेजारी रकाना: कार्यवाही.
रकाना कोरा. तो मी भरायचा.

मी वेंगुर्ला स्टँडचा वाहतूक नियंत्रक.
बावीस वर्षं खिडकीच्या अर्ध्या चंद्रातून
एकच प्रश्न विचारत आलो: खंय जातंस?
शिरोडा, मठ, तुळस, बेळगाव,
ज्याच्याकडे उत्तर असतं तो मला दिसतो.
इसमाला कुठेच जायचं नव्हतं,
म्हणून नारळी पुनवेपासून शिमग्यापर्यंत
तो दिसला नाही.
म्हणजे दिसला,
गाडी मागे घेताना खांब दिसतो तसा.

पार्वती त्याच्याभोवतीनं झाडू मारायची,
बाकाखाली कचऱ्याचा एक आयत राहायचा,
त्याच्या मापाचा.
कँटीनचा इनास उरलेले पाव द्यायचा, खरं आहे,
पण कठड्यावर ठेवून, पाठ फिरवून.
महाळात आम्ही कावळ्याला ठेवतो तसे.
कावळ्याची निदान वाट तरी बघतो.

नऊ चाळीसची शिरोडा गेली.
वही काखेत मारून फलाट तीनवर गेलो.
उशाला जाळ्याचे बोये भरलेलं पोतं,
एक चप्पल पायात, एक छातीशी धरलेली.
हटवायचं वाक्य तोंडात तयार होतं.
निघालं भलतंच: जेवलंस?
जे आपण विहिरीवर, कोर्टाच्या पायरीवर,
मर्तिकाहून परततानासुद्धा विचारतो
आणि उत्तर न ऐकता पुढे जातो.

तो उठून बसला. आधी मागे वळून पाहिलं,
कुणाला विचारलं ते बघायला.
मग छातीवरली चप्पल पायात सरकवली.
"नाय," म्हणाला. "तुमी?"

नावाला वेळ लागला.
खाऱ्या वाऱ्यानं धरलेलं कुलूप,
किल्ली आत जाते, फिरत नाही.
"बुधाजी." आणि बऱ्याच वेळानं, "तांडेल."
होडी कुणाची, घर कसं गेलं, विचारलं नाही.
चौकशी खिडकीवर होते.
इथे मी बाकावर बसलो होतो.
इनासनं शटर पुन्हा अर्धं वर केलं,
गार भात, बांगड्याचं तिखलं.
मी त्या रात्री दुसऱ्यांदा जेवलो.

रकान्यात लिहिलं:
"सदर इसमाचे नाव बुधाजी तांडेल."
डेपो मॅनेजर म्हणाले, ही काय कार्यवाही झाली?

आता शेवटची गाडी सुटली की
माईक बंद करण्याआधी रिकाम्या फलाटांना सांगतो,
"बुधाजी तांडेल, आता गाडी नाही. निवांत झोपा."
पार्वती म्हणाली, तुमका खुळ लागला.
पण हल्ली तिचा आवाज येतो,
"बुधाजी, पाय वर घे,"
आणि झाडू बाकाखालून जातो.

काल त्यानं विचारलं,
"मास्तर, तुमी खंय रवतास?"
मी बंदराच्या बाजूला हात केला. "हयसरच."
घरात मागची खोली आहे. मुलगा मडगावात.
खाटेवर गादी गुंडाळलेली,
खिडकीतून दीपगृहाचा उजेड येऊन जातो.
सांगायला चार वाक्यं पुरली असती.
मी घड्याळाकडे पाहिलं
आणि सायकलचं कुलूप काढलं.