शेरा

सोमवार-मंगळवार खाण, बुध-गुरुवार कोड,
शुक्रवारी दोन्ही, म्हणजे बसमध्ये झोप.
उद्यमबागेतल्या आमच्या ट्रेनिंग सेंटरला दोन दारं:
एकातून बूट घालून जायचं,
दुसऱ्याबाहेर बूट काढून.
पहिले तीन महिने मी चुकत होतो.
कीबोर्डात तांबडी माती दिसली की
बिळगी सर माझ्याकडंच बघायचे.

हजेरीत मी मष्णप्पा.
मष्णू आहे सर, म्हटलं दोनदा.
तिसऱ्यांदा 'हौद्री' म्हणालो आणि बसलो.

प्रोजेक्ट असा:
जांबोटीच्या पुढं, सड्यावर, बंद पडलेली बॉक्साइटची खाण.
तिथल्या बोअरहोलांची जुनी वही,
एकशे बारा भोकं, साल एकोणऐंशी,
कॉम्प्युटरात भरायची.
शिवलीला वाचणार, मी टाइप करणार,
मग ड्रोनच्या नकाशावर ठिपके बसवायचे.
सोपं आहे, म्हणाल्या कंग्राळकर मॅडम,
आणि ज्या आवाजात म्हणाल्या
त्यावरनं कळलं की नाही.

वहीला कापडी पुठ्ठा, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
रकाने चार: भोक, खोली, रंग, शेरा.
प्रत्येक पानाखाली सही,
लु. भ. गावडा, ड्रिलर.
लुमाण्णा गावड्याकडं नुसता लाल नव्हताच.
काव. विटकर. डाळिंबी.
पान खाऊन थुंकल्यागत.
एका ठिकाणी फक्त: 'कालच्यापेक्षा बरा'.
आमच्या सॉफ्टवेअरला तीन दगड ठाऊक,
चौथा 'इतर'.

भोक ९: आज रेती. उद्या बघू.
भोक १७: बिट मोडली. साहेब चिडले.
भोक २६: पाणी लागलं. गोड आहे.
भोक ३३: रजा. मुलगी झाली.

शेऱ्याला आमच्याकडं रकानाच नव्हता.
मी गाळत पुढं चाललो होतो,
तेहतीसपाशी बोट अडलं.
'इतर' टाकलं. पुसलं. रिकामं ठेवलं.
स्क्रीननं तांबड्या अक्षरांत सुनावलं:
मूल्य भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

भोक ४१. खोली सहा मीटर. रंग नाही.
शेरा: टोळ्ळु.
कुणाचं आडनाव असेल, मी म्हटलं.
शिवलीला वहीवर डोकं टेकून हसली.
'टोळ्ळु म्हणजे पोकळ रे.
बाजारात नारळ कानाशी हलवून आई म्हणते,
टोळ्ळु, दुसरा दे.'

अख्खी वही मराठीत,
मग हा एक शब्द कुणाचा?
शेजारी उभा असेल कुणी रोण-नरगुंदकडचा,
रॉड अचानक हलका होऊन खाली गेला असेल
आणि त्याच्या तोंडून निघालं असेल.
लुमाण्णानं तसंच उतरवून घेतलं.
अर्थ लावत बसायला
खाली जमीन तर पाहिजे.

शनिवारी सड्यावर गेलो.
ड्रोननं त्या जागेला हिरवा रंग दिला होता,
सपाट, सुरक्षित, उतार शून्य.
पोरं तिथंच डबे उघडून बसलेली,
गवत मऊ होतं म्हणून.
मॅडमनी पहार आपटली.
ठक्. चार पावलं पुढं, ठक्.
मग एक आवाज आला
जो मी कुठल्या फाइलीत ऐकला नव्हता,
शेजारच्या खोलीत कुणी खोकल्यासारखा.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
एकेकाला बोटानं उठवलं,
चटणी सांडली तरी कुणी उचलली नाही.
शिवलीलानं बॅगेतली सुतळी काढली,
आम्ही चार खुंट्या मारल्या, बाहेरच्या बाहेर.

बिळगी सर म्हणाले, मोकळा मजकूर म्हणजे कचरा,
त्याची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही.
खरंच नाही निघत.
पण रकाना दिला त्यांनी,
दोनशे अक्षरं, भाषा कुठलीही.

रात्री उशिरापर्यंत बसून सगळे शेरे भरले.
गोड पाणी भरलं.
मुलगी भरली. ती आता चाळिशी ओलांडून गेली असेल,
तिला ठाऊकही नसेल
आपण तेहतिसाव्या भोकाशेजारी आहोत.

शेवटी एक ओळ माझी:
'भोक ४१. पहारीचा आवाज वेगळा.
शिवलीला घाबरली नाही. मी थोडा.'
खाली आपोआप नाव उमटलं, मष्णप्पा.
खोडायला गेलो,
मग राहू दिलं.