दहाचा उणे नववा घात

रबाळ्याच्या शेडमध्ये तिसरी रात्र.
टर्बो पंप बारीक शिट्टी घालतोय
आणि काटा उणे सहावर अडून बसलाय.
उणे नऊ हवंय. ऑर्डरवर तसं लिहिलंय, लाल शाईत.

मी हेलियमची नळी स्टीलच्या पिंपाभोवती फिरवतो,
तान्ह्याच्या बेंबीभोवती हिंग लावावा इतक्या हळू.
गळती जिथे असेल तिथून हेलियम आत शिरेल, यंत्र ओरडेल.
यंत्र नुसतं कण्हतं. जागा सांगत नाही.

माझा संशय बारकूच्या वेल्डिंगवर.
पिंप पाच वर्षं गोदामात पडून होतं,
खालचा जोड त्याचा, मस्कतला जाण्याआधीचा,
संपाच्या वेळी आम्ही एकमेकांना जे बोललो
त्याच्याही आधीचा.

हे पिंप ज्या संस्थेचं, तिथली इरावती कोंडविलकर
उलट्या बादलीवर बसून राजगिऱ्याची चिक्की खातेय.
मी विचारलं, सगळं उपसून काढलं की आत काय उरतं?
ती म्हणाली, गुंता.

"हवा काढा, वाफ काढा, उजेडसुद्धा काढा,
तरी पोकळीचा हा कोपरा त्या कोपऱ्यात गुंतलेला राहतो.
कृष्णविवराच्या काठाला तर ती शिवलेलीच असते,
एक टाका आत, एक बाहेर.
आतलं परत यायचं नाही.
तरी बाहेरचं त्याच्याशी जुळूनच थरथरतं."

आणि टाका उसवला तर?
"काही म्हणतात, काठावर आग लागेल.
काही म्हणतात, तो उसवतच नाही. भांडण चालू आहे."
भांडण. तेवढं मला समजलं.

"दोन काटे लांब लांब ठेवले, काका,
त्यांनी एकमेकांना हाक मारली नाही,
तरी पोकळीतून दोघांच्या हाती थोडा गुंता लागतो.
पण एखादा काठाच्या फार जवळ नेला
की काहीच लागत नाही. गणितात तिथे सावली पडते."

म्हणजे इथे बोललं की तिथे ऐकू जाणार?
"छे. त्यातून निरोप जात नाही. एक अक्षरही नाही."
मग उपयोग?
चिक्कीच्या कागदाची बारीक घडी घालत ती म्हणाली,
"उपयोग नाही म्हणून ते खोटं होत नाही."

पावणेतीन.
बारकूचा जोड तिसऱ्यांदा तपासला. काटा ढिम्म.
बोटाने चाचपला: थरावर थर, एकसारखे,
पापलेटाच्या नाही, जिताड्याच्या खवल्यांसारखे ठसठशीत,
दिवाळे गावच्या कोळ्याचा हात.
त्यातून हेलियमचा एक अणू आत गेला नव्हता.

मग पंप थांबवला, आत हवा सोडली, पिंपाने उसासा टाकला.
वरची फ्लॅंज उघडली. ती मी बसवलेली.
रबरी कड्यावर आडवा एक केस.
पांढरा.
शेडमध्ये पांढऱ्या केसांचा मी एकटाच.

कोंडविलकरला दाखवला नाही. तिने पाहिला असावा,
कारण ती एकदम बाहेर चहा बघायला गेली,
इतक्या रात्री, जिथे चहा नसतो.

कडं पुसलं. बोल्ट आवळले, समोरासमोरचे, जोडीजोडीने.
फोन काढला. मस्कतला आत्ता सव्वादोन झाले असतील.
'बारकू वेल्डर'. नंबर अजून तोच.

पोकळीतून निरोप जात नाही, हे आजच शिकलो.
पण हा साधा फोन आहे.
यातून जातो.
तीच तर अडचण.

मागे पंप पुन्हा गायला लागला.
उणे तीन.
उणे चार.